हौशी गॉल्फ स्पर्धा

गॉल्फ हा खेळ उपजीविकेसाठी न खेळणाऱ्या खेळाडूंच्या स्पर्धा. निष्णात हौशी खेळाडूंच्या अजिंक्यपद स्पर्धा आणि सर्व दर्जांच्या खेळाडूंना खुल्या असलेल्या स्पर्धा असे त्यांचे दोन प्रकार आढळतात. पहिल्या प्रकारात खेळाडूने मारलेले टोले जसेच्या तसे मोजतात. दुसऱ्या प्रकारात मात्र प्रत्येकाच्या कुवतीनुसार ठरविलेले सवलतीचे टोले एकूण टोल्यांतून वजा करतात. या सवलतीस ‘हँडिकॅप’ अशी संज्ञा आहे. नवशिक्या आणि मुरलेला खेळाडू यांनी एकाच मैदानावर, एकाच दिवशी, एकाच करंडकासाठी झगडावे आणि दोघांनाही जिंकण्याची खरीखुरी संधी असावी, हे हँडिकॅपमुळे शक्य झाले. अन्य फार थोड्या मैदानी खेळांना हे साधले आहे. कौशल्यातील विषमतेवर गॉल्फने असा तोडगा फार पूर्वीच काढला. परंतु ही सवलत कोणाला द्यावयाची, म्हणजेच स्पर्धेच्या दारातून कोणाला आत घ्यावयाचे, हा प्रश्न त्याला दीर्घकाळ सोडविता आला नाही. हौशी गॉल्फचा इतिहास हा बव्हंशी या दुसऱ्या प्रश्नाचाच इतिहास होय.

महाराष्ट्रातील वाचकाला हँडिकॅपची कल्पना समजण्यास अडचण पडू नये. गल्लीतील खेळात लहान मुलाला ‘लिंबूटिंबू’ म्हणून घेतात. तो बाद होत नाही, पण त्याच्या असण्या-नसण्याने निकालातही फरक पडत नाही. जत्रेतील कुस्त्यांच्या फडात याउलट तोडीस तोड जोड लावण्यावर भर असतो. गॉल्फचा मार्ग या दोहोंहून निराळा आहे. येथे जोड विषम असली, तरी चालते आणि दुबळ्या खेळाडूचा विजयही पुरा विजय मानला जातो. मुंबई व पुणे येथील घोड्यांच्या शर्यतींत सरस घोड्यावर अधिक वजन लादून शर्यत चुरशीची करतात, ती पद्धती याच्या सर्वांत जवळची. किंबहुना हँडिकॅप हा शब्द गॉल्फमध्ये आला तो शर्यतींच्या परिभाषेतूनच. त्याचे मूळ टोपीत हात घालून खेळावयाच्या एका जुन्या इंग्रजी विनिमय-खेळात सांगितले जाते. या खेळात त्रयस्थ माणूस दोन वस्तूंच्या किमतींतील फरक ठरवून देई.

प्रत्यक्ष व्यवहारात ही पद्धती अशी चालते : मैदानावरील अठरा खळग्यांत (होल) चेंडू घालण्यास निष्णात खेळाडूला जितके टोले लागावेत अशी अपेक्षा असते, त्या संख्येस ‘पार’ म्हणतात. ती सामान्यतः ७२ च्या आसपास असते. समजा, एका खेळाडूचा हँडिकॅप ६ व दुसऱ्याचा २० आहे. पहिल्याने ८० व दुसऱ्याने ९३ टोल्यांत फेरी पूर्ण केली, तर सवलत वजा जाता पहिल्याचे ७४ व दुसऱ्याचे ७३ टोले होतात आणि दुसरा जिंकतो. समोरासमोरच्या सामन्यात दोघांच्या हँडिकॅपमधील फरकाइतके, म्हणजे येथे १४ टोले दुबळ्या खेळाडूस मिळतात. ते कोणत्या खळग्यांवर घ्यावयाचे, हे गुणपत्रिकेवर खळग्यांच्या काठिण्यक्रमानुसार आधीच छापलेले असते. सवलत न लागणाऱ्या खेळाडूस ‘स्क्रॅच’ खेळाडू म्हणतात.

स्कॉटलंडमध्ये पंधराव्या शतकात गॉल्फचे वेड इतके वाढले होते, की धनुर्विद्येच्या सरावात व्यत्यय येतो म्हणून १४५७ मध्ये तेथील संसदेने त्यावर बंदी घातली. बंदी अर्थातच टिकली नाही. १७४४ साली एडिंबरो नगरपालिकेने लीथ येथील गॉल्फ खेळणाऱ्या मंडळींना चांदीची गॉल्फ-काठी पारितोषिक म्हणून दिली आणि तिच्यासाठी झालेल्या स्पर्धेच्या निमित्ताने या खेळाचे पहिले तेरा लेखी नियम तयार झाले. ब्रिटन किंवा आयर्लंडच्या कोणत्याही भागातील उमराव, सद्‌गृहस्थ ‘किंवा अन्य गॉल्फ खेळाडू’ पाच शिलिंग भरून तीत भाग घेऊ शकत होते. कागदावर ही स्पर्धा सर्वांना खुली होती. प्रत्यक्षात पाच शिलिंगांची रक्कम आणि फुरसत या दोन गोष्टींनीच मंडळी निवडली जात. जॉन रॅट्रे हा शल्यवैद्य ती जिंकला. सवलत देण्याची कल्पना याहूनही जुनी आहे. टॉमस किंकेड या एडिंबरोतील वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १६८७ च्या रोजनिशीत प्रतिस्पर्ध्यास किती व कशी सवलत द्यावी याचा विचार नोंदवून ठेवला आहे. त्या काळी सवलतीचा संबंध बहुधा पैजेशी असे. पैज रंगावयाची, तर दोन्ही बाजू सारख्या असणे भाग होते. तेव्हा हँडिकॅपची जननी समतेची तळमळ नसून पैज होती, असेच म्हणावे लागते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत खेळाचा प्रसार चेंडूच्या किमतीने रोखून धरला होता. चामड्याच्या पिशवीत उकडलेली पिसे ठासून भरलेला चेंडू बनविण्यास कुशल कारागीर लागे. त्याचे दिवसाकाठी तीन-चारच चेंडू होत आणि पावसात ते फुटत. १८४८ च्या सुमारास मलायातील झाडांच्या चिकापासून मिळणाऱ्या गटापर्चाचे चेंडू आले. ते स्वस्त होते, टिकाऊ होते आणि बिघडल्यास गरम करून पुन्हा वळता येत. त्यामुळे कारकून, दुकानदार, शिक्षक हे वर्ग मैदानावर आले. रेल्वेने किनारपट्टीवरील मैदाने शहरांना जोडली. खेळाडूंची संख्या वाढली तशी त्यांच्या दर्जातील तफावतही वाढली आणि पैजेपुरती असलेली सवलत क्लबांच्या नित्य स्पर्धांचे अंग बनली.

मात्र हँडिकॅप ठरविण्याची रीत प्रत्येक क्लबची वेगळी होती. एका क्लबात दहाचा खेळाडू दुसऱ्या क्लबात पंधराचा ठरे. या गोंधळातून बाहेर काढणारी पहिली देशव्यापी पद्धती पुरुषांच्या क्लबांनी नव्हे, तर स्त्रियांच्या संघटनेने घडविली. १८९३ मध्ये ब्रिटनमध्ये ‘लेडीज गॉल्फ युनियन’ स्थापन झाली. तिच्या पहिल्या सचिव इसेट पीअर्सन यांनी मैदानांचे मूल्यमापन करून सर्व सभासद क्लबांतील स्त्रियांना एकाच मापाने मोजणारी व्यवस्था चिकाटीने उभी केली. हे घडले तेव्हा अनेक क्लबांत स्त्रियांना मुख्य मैदानावर प्रवेशही नव्हता. अमेरिकेतील गॉल्फ संघटनेने (स्थापना १८९४) राष्ट्रीय हँडिकॅप पद्धती १९११ मध्ये स्वीकारली. मधल्या काळात, १९०० साली पॅरिस येथील ऑलिंपिक क्रीडासामन्यांच्या वेळी काँप्येन्य येथे गॉल्फच्या मुख्य स्पर्धांबरोबर हँडिकॅपची स्पर्धाही भरली होती आणि ॲल्बर्ट लँबर्ट हा अमेरिकन खेळाडू ती जिंकला; परंतु ती अधिकृत ऑलिंपिक स्पर्धा म्हणून गणली जात नाही.

स्पर्धकांत ‘हौशी’ कोण, हा वाद याच सुमारास पेटला. व्यावसायिकांसाठी १८६० मध्ये प्रेस्टविक येथे सुरू झालेली ‘ओपन’ स्पर्धा पुढच्याच वर्षी हौशी खेळाडूंनाही खुली करण्यात आली. खास हौशी खेळाडूंची स्पर्धा हॉयलेक येथील रॉयल लिव्हरपूल क्लबने १८८५ मध्ये भरविली. तीत डग्लस रोलंड या पाथरवटाचा अर्ज आला. त्याने आदल्या वर्षीच्या ‘ओपन’मध्ये दुसऱ्या क्रमांकाचे रोख पारितोषिक घेतले होते, या कारणास्तव समितीने तो नाकारला. अडचण अशी होती, की यजमान क्लबचाच तरुण सभासद जॉन बॉल यानेही १८७८ च्या ‘ओपन’मध्ये दहा शिलिंग स्वीकारले होते. ते कोवळ्या वयातील अजाणतेपणाचे कृत्य मानून त्याला खेळू देण्यात आले. बॉल पुढे थोर खेळाडू झाला. १८९० मध्ये ‘ओपन’ आणि ‘हौशी’ अशी दोन्ही अजिंक्यपदे त्याने एकाच वर्षी जिंकली. तथापि दोघांना लावलेली मापे भिन्न होती, हे झाकत नाही.

या प्रकरणातून १८८६ मध्ये हौशी खेळाडूची पहिली व्याख्या तयार झाली. गॉल्फच्या काठ्या वा चेंडू विकण्यासाठी बनविणारा, शिकविण्याचे वा खेळण्याचे पैसे घेणारा आणि वयाच्या पंधरा वर्षांनंतर मजुरीवर दुसऱ्याच्या काठ्या वाहणारा माणूस हौशी समजला जाणार नाही, असे ठरले. यांतील शेवटची अट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. खेळाडूच्या काठ्यांची पिशवी वाहणारा साहाय्यक (कॅडी) खेळून काहीच कमावत नसतो. तो ओझे वाहण्याची मजुरी घेतो. तरीही त्याला हौशी स्पर्धेचे दार बंद झाले. हमालीमुळे खेळावरील निष्ठा कशी मलिन होते, याचे उत्तर व्याख्याकारांनी कधी दिले नाही. अशाच आशयाचे नियम अमेरिकेतही होते. फ्रान्सिस विमेट हा माळ्याचा मुलगा ब्रुकलाइन येथील मैदानावर कॅडी होता. हौशी दर्जा टिकावा म्हणून त्याला सोळाव्या वर्षी ते काम सोडावे लागले. १९१३ मध्ये त्याने त्याच मैदानावर हॅरी व्हार्डन व टेड रे या नामांकित व्यावसायिकांना हरवून अमेरिकेची खुली स्पर्धा जिंकली आणि अमेरिकेत हा खेळ घराघरांत पोहोचविला. पण १९१६ मध्ये, क्रीडासाहित्याच्या दुकानात भागीदारी आहे एवढ्यावरून, त्याचा हौशी दर्जा काढून घेण्यात आला. तो १९१८ मध्ये परत मिळाला. पुढे १९५१ मध्ये सेंट अँड्र्यूझच्या ‘रॉयल अँड एन्शंट’ क्लबने याच विमेटला कप्तानपद दिले. ते मिळविणारा तो पहिलाच ब्रिटिशेतर खेळाडू होय.

ब्रिटनमध्ये कष्टकरी वर्गाने स्वतःची वाट शोधली. डेव्हन परगण्यातील नॉर्दम येथे १८८८ मध्ये कारागीर-मजुरांचा क्लब निघाला. मोठ्या क्लबच्या मैदानावर गैरसोयीच्या वेळी खेळावयाचे आणि बदल्यात मैदानाच्या डागडुजीस हातभार लावावयाचा, अशी ही तडजोड होती. असे अनेक क्लब पुढे निघाले व १९२१ मध्ये त्यांची राष्ट्रीय संघटना झाली. नगरपालिकांची मैदाने हा दुसरा मार्ग. एडिंबरो येथील ब्रेड हिल्स (१८८९) आणि न्यूयॉर्कमधील व्हॅन कोर्टलंड पार्क (१८९५) ही त्यांची आरंभीची उदाहरणे. सार्वजनिक मैदाने जेथे विपुल झाली, तेथेच सर्वसामान्यांच्या स्पर्धा रुजल्या. तशी मैदाने नसतील, तर हँडिकॅपची पद्धती कितीही उदार असली, तरी ती सभासदांपुरतीच उरते.

सामान्य खेळाडूच्या स्पर्धेला आजचे रूप देण्यात फ्रँक स्टेबलफर्ड (१८७०–१९५९) या शल्यवैद्याचा वाटा मोठा आहे. टोल्यांच्या बेरजेवर निकाल लागत असेल, तर एका खळग्यावर झालेली फजिती उरलेल्या सतरा खळग्यांवरील मेहनत पाण्यात घालते. वारा सुटलेल्या दिवशी तर सामान्य खेळाडू दुसऱ्या-तिसऱ्या खळग्यावरच गुणपत्रिका फाडून टाकी. यावर उपाय म्हणून स्टेबलफर्ड यांनी प्रत्येक खळग्यास स्वतंत्र गुण देण्याची रीत सुचविली. वेल्समधील पनार्थ येथे १८९८ मध्ये तिचा प्रयोग झाला आणि वॉलसी येथे १६ मे १९३२ रोजी तिच्यावर आधारित स्पर्धा खेळली गेली. आजच्या रीतीप्रमाणे सवलत धरून ‘पार’ साधल्यास दोन गुण, एक टोला अधिक लागल्यास एक, एक कमी लागल्यास तीन गुण मिळतात. त्याहून वाईट खेळास शून्य. एका खळग्यावर कितीही घोळ झाला, तरी नुकसान दोन गुणांचेच. अठरा खळग्यांत ३६ गुण म्हणजे खेळाडू आपल्या हँडिकॅपला जागला. भारतातील क्लबांच्या व पुरस्कृत हौशी स्पर्धांत ही पद्धती सर्रास वापरतात.

भारतात गॉल्फ आला तो फार लवकर. कलकत्त्याचा क्लब १८२९ मध्ये स्थापन झाला. ब्रिटिश बेटांबाहेरील सर्वांत जुना गॉल्फ क्लब म्हणून तो ओळखला जातो; ‘रॉयल’ हे उपपद त्याला पंचम जॉर्जच्या १९११ मधील भारतभेटीनंतर मिळाले. पाठोपाठ १८४२ मध्ये मुंबईत क्लब निघाला. न्यूयॉर्क वा पॅरिसच्याही आधी मुंबईत गॉल्फचा क्लब निघाला होता. भारताची हौशी अजिंक्यपद स्पर्धा १८९२ मध्ये कलकत्त्यात सुरू झाली. ती जगातील जुन्या हौशी स्पर्धांपैकी एक आहे. परंतु या साऱ्या हालचाली गोऱ्या अधिकारी-व्यापाऱ्यांपुरत्या होत्या. भारतीय माणूस मैदानावर होता तो पिशवी वाहणारा, गवत कापणारा किंवा हरवलेला चेंडू शोधणारा म्हणून.

मुंबई इलाख्यात लष्करी छावण्या आणि मोठी शहरे यांच्या आश्रयाने खेळ पसरला. दख्खनच्या कोरड्या हवेत हिरवळ राखणे कठीण. म्हणून अनेक ठिकाणी खळग्याभोवती हिरवळीऐवजी तेल मिसळलेल्या वाळूचे गुळगुळीत वर्तुळ करीत. त्याला ‘ग्रीन’ऐवजी ‘ब्राउन’ असे समर्पक नाव होते. नाशिकचे ‘गोल्फ क्लब मैदान’ हे नाव त्या काळाची खूण म्हणून टिकून आहे. त्या मैदानावर क्रिकेट खेळणाऱ्या मुलांना नावाचे मूळ ठाऊक असेलच असे नाही. लॉर्ड विलिंग्डन हे मुंबईचे गव्हर्नर (१९१३–१८) असताना, भारतीय व युरोपीय या दोघांनाही सभासदत्व देणारा विलिंग्डन क्लब मुंबईत निघाला. वर्णभेद पाळणाऱ्या क्लबांच्या त्या काळात ही मोठीच गोष्ट होती. तथापि तेथे प्रवेश मिळालेले भारतीय हे संस्थानिक, उद्योगपती आणि बॅरिस्टर होते, हेही नमूद करावयास हवे. वर्णाची भिंत पडली, संपत्तीची राहिली. चेंबूर येथील बाँबे प्रेसिडेन्सी गॉल्फ क्लब १९२७ चा. येरवडा येथील पूना क्लबचे मैदान हे पुण्यातील या खेळाचे जुने केंद्र. बडोद्यात गायकवाड घराण्याने लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात १९३० नंतरच्या दशकात युरोपीय पाहुण्यांसाठी मैदान करविले. पुढे ते मोडकळीस आले आणि १९९० नंतर समरजितसिंह गायकवाड यांनी ते नव्याने उभे करून क्लबच्या रूपाने बाहेरच्या खेळाडूंना खुले केले.

स्वातंत्र्यानंतर, १९५५ मध्ये, ‘इंडियन गॉल्फ युनियन’ ही हौशी गॉल्फची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. तिने स्पर्धांचे नियमन, हँडिकॅपची व्यवस्था आणि राष्ट्रीय संघांची निवड ही कामे हाती घेतली. ऑस्ट्रेलियाचे नामांकित व्यावसायिक पीटर टॉमसन यांच्या प्रोत्साहनाने १९६४ मध्ये ‘इंडियन ओपन’ सुरू झाली. टॉमसन यांनीच ती पहिल्या वर्षी जिंकली. दुसऱ्या वर्षी, १९६५ मध्ये, पी. जी. तथा ‘बिल्लू’ सेठी या हौशी भारतीय खेळाडूने व्यावसायिकांना मागे टाकून ती जिंकली. त्यानंतर कोणाही हौशी खेळाडूस हे जमलेले नाही. नवी दिल्ली येथील १९८२ च्या आशियाई क्रीडासामन्यांत गॉल्फचा प्रथमच समावेश झाला व लक्ष्मणसिंह यांनी वैयक्तिक सुवर्णपदक, तर राजीव मोहता यांनी रौप्यपदक पटकाविले. सांघिक सुवर्णपदकही भारतालाच मिळाले. पुढे २००२ मध्ये बुसान येथे शिव कपूर यांनी वैयक्तिक सुवर्णपदक मिळविले. हे सारे हौशी खेळाडूंचे यश होय.

कॅडींच्या वाट्याला मात्र निराळा मार्ग आला. क्लबचे सभासदत्व नाही म्हणून हँडिकॅप नाही, हँडिकॅप नाही म्हणून हौशी स्पर्धेत प्रवेश नाही. तेव्हा ज्याचा हात बसला, त्याला थेट व्यावसायिक होण्यावाचून गत्यंतर नसे. खेळाच्या नैसर्गिक क्रमात माणूस आधी हौशी असतो व मग व्यावसायिक होतो. भारतात श्रीमंतांचा क्रम तसाच राहिला, गरिबाला पहिली पायरीच नव्हती. या परिस्थितीतूनही असामान्य खेळाडू निपजले. दिल्ली गॉल्फ क्लबवर लहानपणी कॅडी असलेले अली शेर यांनी १९९१ मध्ये ‘इंडियन ओपन’ जिंकली. भारतीय व्यावसायिकाने ती जिंकण्याची ही पहिलीच वेळ होती. १९९३ मध्ये त्यांनी ती पुन्हा जिंकली. महू येथील मुकेशकुमार यांनी २०१६ मध्ये वयाच्या ५१ व्या वर्षी आशियाई व्यावसायिक मालिकेतील आपली पहिली स्पर्धा जिंकली. त्यांचीही सुरुवात कॅडी म्हणूनच झाली होती. चेंबूरच्या मैदानालगतच्या वस्त्यांत तरुण कॅडी वाकविलेल्या लोखंडी सळईच्या काठ्या व प्लॅस्टिकचे चेंडू घेऊन बोळांतून आणि पत्र्यांच्या छपरांमधून गॉल्फ खेळतात. एका पोलिश छायाचित्रकाराने टिपलेल्या छायाचित्रांमुळे हा खेळ जगापुढे आला. लष्करी छावण्यांतील मैदानांनी वेगळ्या थराला संधी दिली. पुण्यात जन्मलेले अनिर्बन लाहिरी (१९८७– ) हे लष्करी डॉक्टरांचे पुत्र. त्यांनी हा खेळ अशाच मैदानांवर आत्मसात केला आणि २०१५ मध्ये ‘इंडियन ओपन’ जिंकून ते आशियाई मालिकेत अग्रस्थानी राहिले.

सर्व दर्जांच्या हौशी खेळाडूंसाठी वर्षभर ठिकठिकाणी भरणाऱ्या स्पर्धांच्या मालिका ही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील व त्यानंतरची घडामोड आहे. व्यावसायिकांच्या फिरत्या स्पर्धा दूरचित्रवाणीवर पाहून तसाच अनुभव आपल्यालाही मिळावा, ही सामान्य खेळाडूची ओढ तिच्यामागे आहे. गायक-अभिनेता बिंग क्रॉझ्बी याने १९३७ पासून कॅलिफोर्नियात भरविलेल्या, हौशी व व्यावसायिक यांच्या जोड्यांच्या स्पर्धेने या ओढीला खतपाणी घातले होते. अमेरिकेत रूढ झालेल्या मालिकांत हँडिकॅपनुसार चार-पाच गट पाडतात. खेळाडू वार्षिक वर्गणी व प्रत्येक स्पर्धेचे शुल्क भरतो, अधिकृत हँडिकॅपचा दाखला देतो आणि आपल्याच तोडीच्या गटात खेळतो. स्थानिक स्पर्धांतील गुणांवरून अंतिम फेरीसाठी निवड होते. गट पडल्याने गटांतर्गत सवलतीची गरज बहुधा उरत नाही. जत्रेतील ‘तोडीस तोड’ जोडीचेच तत्त्व येथे दुसऱ्या वाटेने आले आहे. भारतात अशा मालिकांची धुरा मुख्यत्वे व्यापारी कंपन्यांनी उचलली. मर्सिडीज-बेंझ कंपनीची मालिका हे तिचे ठळक उदाहरण. पुण्या-मुंबईसह अनेक शहरांत तिच्या पात्रता-फेऱ्या होतात आणि जागतिक अंतिम फेरी जर्मनीतील श्टुटगार्ट येथे होत आली आहे. तीत नवख्या खेळाडूलाही वाव असतो. फक्त तो कंपनीच्या मोटारीचा मालक असावा लागतो.

अशा स्पर्धांत पहिल्यांदाच उतरणाऱ्याला बहुधा आपल्या खेळापेक्षा नियमांचीच भीती अधिक वाटते. मित्रांबरोबर खेळताना दोन हातांवरून ढकलावयाचा चेंडू ‘झाला’ म्हणून उचलून घेतात. टोल्यांवर निकाल लागणाऱ्या स्पर्धेत तो खळग्यात पडेपर्यंत मारावा लागतो आणि क्लबात मिरविलेला हँडिकॅप तेथे अचानक तोकडा पडतो. उलट बाजूची लबाडीही जुनीच आहे. मुद्दाम वाईट खेळून हँडिकॅप फुगवावयाचा आणि ऐन स्पर्धेत चांगला खेळ करून करंडक उचलावयाचा, असे करणारे प्रत्येक क्लबात एखाद-दुसरे असतात. या खेळात पंच पाठीशी उभा नसतो; खेळाडूने आपली गुणपत्रिका सहखेळाडूकडून भरून घ्यावयाची व दोघांनी सह्या करावयाच्या, एवढीच व्यवस्था. त्यामुळे हँडिकॅपची सारी इमारत नोंद करणाऱ्याच्या सचोटीवर उभी आहे.

निरनिराळ्या देशांतील सहा पद्धती एकत्र करून २०२० मध्ये ‘जागतिक हँडिकॅप पद्धती’ अमलात आली व भारतातही तीच स्वीकारली गेली आहे. तीत शेवटच्या वीस फेऱ्यांपैकी उत्कृष्ट आठ फेऱ्यांच्या सरासरीवरून खेळाडूचा निर्देशांक काढतात. प्रत्येक मैदानास ५५ ते १५५ या दरम्यान काठिण्यांक दिलेला असतो. ११३ हा प्रमाणांक. निर्देशांकास काठिण्यांकाने गुणून ११३ ने भागतात व त्यात मैदानाचा मूल्यांक आणि पार यांतील फरक मिळवितात. उदा., २० निर्देशांकाच्या खेळाडूस १२६ काठिण्यांकाच्या मैदानावर, मूल्यांक व पार समान असल्यास, २२ टोल्यांची सवलत मिळते. एखादी फेरी नेहमीपेक्षा फारच सरस झाली, तर निर्देशांक आपोआप जादा घटतो. फुगविलेल्या हँडिकॅपला त्यामुळे काहीसा आळा बसतो. पूर्वी ब्रिटिश पद्धतीत पुरुषांना २८ व स्त्रियांना ३६ ही कमाल मर्यादा होती, ती आता सर्वांना ५४ आहे. अर्थात प्रत्येक खळग्यावर तीन टोल्यांची सवलत घेणारा अगदी नवखा माणूसही स्पर्धेत रीतसर दाखल होऊ शकतो.

हौशी दर्जाचे नियमही सैल झाले आहेत. १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमांनुसार सवलतविरहित स्पर्धेत हौशी खेळाडू एक हजार डॉलरपर्यंत रोख पारितोषिक घेऊ शकतो; सवलतीच्या स्पर्धेत मात्र रोख रक्कम वर्ज्य असून त्या मर्यादेतील वस्तुरूप पारितोषिकच चालते. मोबदला घेऊन शिकविणे, व्यावसायिक म्हणून नोकरी वा संघटनेचे सभासदत्व घेणे आणि मर्यादेबाहेरचे पारितोषिक स्वीकारणे यांसारख्या गोष्टींमुळे दर्जा जातो. काठ्या वाहण्याच्या मजुरीचा आता कोठेही उल्लेख नाही.

महाराष्ट्रात सार्वजनिक मैदाने फारशी झाली नाहीत. अठरा खळग्यांच्या मैदानास सुमारे ५० हेक्टर जमीन व भरपूर पाणी लागते. टँकरच्या रांगा लागणाऱ्या राज्यात हिरवळीसाठी पाणी मागणे सोपे नाही, आणि तशी मागणी करणाऱ्यांची बाजूही या बाबतीत फारशी बळकट म्हणता येत नाही. खारघर येथे सिडकोने २०१२ मध्ये सुरू केलेले मैदान हे शुल्क भरून कोणासही खेळता येण्याजोगे ठळक उदाहरण आहे. इतरत्र बहुतेक मैदाने क्लबांची, लष्कराची किंवा बांधकाम-व्यावसायिकांच्या वसाहतींची आहेत. त्यांपैकी अनेक क्लबांत साप्ताहिक सुटीच्या दिवशी कॅडींना मैदानावर खेळू देण्याची प्रथा आहे. वर्षातून एखाद्या वेळी त्यांच्यासाठी स्वतंत्र स्पर्धाही भरते. त्या दिवशी सभासद काठ्या देतात आणि पिशव्या ज्याच्या त्याने वाहावयाच्या असतात.